महागाची साउंड सिस्टीम म्हणजे चांगला आवाज का? नाशिककर नवख्यांसाठी पायरी-पायरीने

दसरा-दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या ग्रुपवर हमखास एक मेसेज पडतो, "हॉलसाठी साउंड सिस्टीम घ्यायचीय, बजेट किती धरू?" आणि मग उत्तरं सुरू. एक जण म्हणतो दहा हजारात आख्खं होम थिएटर येतं की, दुसरा म्हणतो लाखाच्या खाली बघूच नका, तिसरा नुसतं कुठल्यातरी ब्रँडचं नाव टाकून गायब होतो. विचारणारा आपला जिथल्या तिथं.

तर हे त्या विचारणाऱ्यासाठी. ज्याला वॉट, ओहम, डॅक यातलं काही कळत नाही, कळून घ्यायची फार हौसही नाही, पण पैसे पाण्यात जाऊ नयेत एवढीच अपेक्षा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. किंमत आणि आवाज यांचा संबंध आहे, पण प्रत्येक वस्तूत तो वेगळा आहे. ज्यात काहीतरी प्रत्यक्ष हलतं (स्पीकरचा कोन, रेकॉर्ड प्लेअरची सुई) तिथे पैशाने फरक पडतो, तोही एका हद्दीपर्यंत. जिथे नुसती वीज खेळते (स्पीकरला ताकद पुरवणारा अ‍ॅम्प आणि डॅक, त्याचं पायरी ४ मध्ये सांगते) तिथे ती हद्द फार लवकर येते, आणि वायरीत तर पहिल्या काही शे रुपयांतच. आणि खोलीवर कुणी पैसा लावतच नाही, जिच्यामुळे सगळ्यात जास्त फरक पडतो.

पायरी १: काय ऐकणार, कुठे बसून आणि किती मोठ्याने

हे कागदावर लिहा, खरंच लिहा. मालिका आणि बातम्या बघायच्यात, अभंग-नाट्यगीतं ऐकायचीत, का शनिवारी रात्री मारधाडीचे पिक्चर? कारण खालचा आवाज किती लागतो ते यावर ठरतं आणि सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला असतो (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा), गिटारची सगळ्यात जाड तार ८२ ला. म्हणजे शास्त्रीय, भावगीतं, जुनी हिंदी गाणी हेच ऐकायचं असेल तर ५५-६० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा पाच इंची वूफरचा (खालचे सूर काढणारा मोठा गोल) छोटा स्पीकर पुरतो, त्याच्या खाली त्या गाण्यात फारसं काही नसतंच. बेस गिटार मात्र ४१ पर्यंत जाते, पिक्चरमधले स्फोट त्याच्याही खाली, आणि नाशिक ढोल छातीत बसला पाहिजे असं वाटत असेल तर सबवूफर घ्यावाच लागेल, तिथे जुगाड चालत नाही. यामागे साधं फिजिक्स आहे, आवाज एक सप्तक खाली उतरवायचा आणि तेवढाच मोठा ठेवायचा तर चौपट हवा ढकलावी लागते. बोटभर साउंडबार ती कुठून ढकलणार.

आता वॉट. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. स्पीकरच्या कागदावर "सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी" असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ साधारण एक वॉट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल (आवाज किती मोठा याचं माप, डीबी तेच). तुम्ही सोफ्यावर तीन मीटर लांब बसलात तर घरात त्यातले सहा-आठ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर आहेत म्हणून तीन परत मिळतात, हिशोब येतो ८२-८३ च्या आसपास. साधं बोलणं ६० च्या जवळपास असतं. म्हणजे एका वॉटला तुमचा हॉल दणदणीत भरतो! अचानक येणारा तबल्याचा ठोका वगैरे धरून दहापट द्या, वीसपट द्या, तरी ४०-५० वॉटचा अ‍ॅम्प नाशिकच्या कुठल्याही फ्लॅटला भरपूर झाला. आणि ५० चा १०० वॉट केला तर आवाज दुप्पट होत नाही हो, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट.

आणि खोक्यावर "१०,००० वॉट पीएमपीओ" लिहिलेलं असेल तर तो आकडा म्हणजे निवडणुकीच्या सभेची गर्दी, आयोजक सांगेल तेवढी. बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे सतत देता येणारी ताकद. अमेरिकेत असल्या फुगवलेल्या आकड्यांना लगाम घालायला १९७४ सालीच नियम आला, आपल्याकडे अजून खोक्यांवर वाट्टेल ते छापून येतं. सोपी युक्ती सांगते, डबा उलटा करून मागचं लेबल वाचा, वीज किती घेतो ते तिथे लिहिलेलं असतं. ६० वॉट वीज घेणारा डबा १००० वॉट आवाज कुठून काढणार?

पायरी २: खोली बघा (हिला पैसे लागत नाहीत)

हॉलच्या मधोमध उभे राहा आणि एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागून 'झिंग्ग' असा पत्र्यासारखा सूर आला तर तुमच्या घरात दोन लाखाचे स्पीकरही कर्कशच वाटणार. आपले नवे फ्लॅट आणि रो हाऊस, गंगापूर रोडचे घ्या नाहीतर पाथर्डी फाट्याचे, सगळे एकाच साच्यातले: खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत पुट्टीच्या भिंती, एका बाजूला काचेचा मोठा स्लायडिंग दरवाजा आणि वर पीओपी. आवाजाला जिरायला जागाच नाही. याउलट पंचवटीत, जुन्या नाशकात एखादा वाडा अजून उभा असेल तर त्याच्या माजघरात जाऊन टाळी वाजवून बघा. लाकडी तुळया, उंचसखल भिंती, कोनाडे, घडवंचीवर रचलेल्या गाद्या-गोधड्या... तिथे साधा ट्रान्झिस्टरसुद्धा गोड वाटतो. लोक म्हणतात जुन्या रेडिओचा आवाजच भारी होता, त्यात अर्धं श्रेय त्या माजघराचं असतं असं मला वाटतं.

करायचं काय? तुम्ही आणि स्पीकर यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी नाहीतर गालिचा टाका. गंगेवर बुधवारचा बाजार भरतो तिकडे चक्कर मारताना एखादी जाडजूड दिसली तर घेऊन टाका, डिझायनर असायची गरज नाही. काचेला पातळ नेटचा पडदा असेल तर आत जाड कापडाचा दुसरा लावा, चुण्या भरपूर सोडून. पुस्तकांचं उघडं कपाट मागच्या भिंतीला असेल तर सोन्याहून पिवळं. आणि ते अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचं कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या, त्याने बेसला ढिम्म फरक पडत नाही आणि वर आग लागायची भीती. ऑनलाइन मिळणारा एक इंची फोमही तसाच, नुसते वरचे सूर खातो आणि खोली आणखीच घुमी वाटायला लागते.

बेसचं प्रकरण जरा वेगळं आहे. १० बाय १५ फुटांचा हॉल घ्या. १५ फुटांच्या लांबीत साधारण ३८ हर्ट्झचा सूर बरोब्बर अडकतो, १० फुटांच्या रुंदीत ५६ चा. हे सूर भिंतीजवळ फुगतात आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ गायब होतात. आपल्याकडे सोफा कायम भिंतीला टेकवलेला, म्हणून तिथे बसलं की सगळं ढुमढुम, आणि उठून दोन पावलं पुढे आलं की बेस कुठे गेला! तेव्हा स्पीकर बदलायच्या आधी सोफा फूट-दीड फूट पुढे ओढा. घरचे ओरडतील, मागे केर साठतो म्हणून. एक आठवडा ओरडू द्या.

स्पीकर ठेवायची जागा: दोन स्पीकर आणि तुमचं डोकं असा समभुज त्रिकोण, ट्विटर (वरचा छोटा गोल) कानाच्या उंचीला, मागच्या भिंतीपासून जमेल तेवढं लांब. टीव्ही युनिटच्या खणात कोंबलेला स्पीकर म्हणजे तोंडावर हात ठेवून गाणारा माणूस. खणातच ठेवणं भाग असेल तर निदान तोंड खणाच्या काठाशी आणा. कोपऱ्यात ठेवला की बेस वाढतो, काहींना आवडतो तो, पण गायकाचा आवाज नळीतून आल्यासारखा होतो.

एवढं करून आधी घरात जे आहे त्यावरच गाणं ऐका. बऱ्याच जणांची खरेदी इथेच पुढे ढकलली जाते.

पायरी ३: पैसे कसे वाटायचे

समजा ४० हजार आहेत. माझ्या हिशोबाने त्यातले २५-२८ हजार स्पीकरला, ८-१० अ‍ॅम्पला, उरलेल्यात वायर, स्टँड, सतरंजी. पहिल्यांदाच घेताय तर अ‍ॅम्प आतच असलेले, म्हणजे पॉवर्ड स्पीकर बघा, कटकट कमी, जुळवाजुळव कंपनीने केलेली असते. आणि त्याच पैशात पाच स्पीकर आणि वूफरचं खोकं घ्यायचं की दोनच चांगले स्पीकर? दोनच. सरळ भागाकार आहे, ४० हजार सहा डब्यांत वाटले तर एकेका डब्याला काय आलं? टीव्हीवरचे संवाद नीट कळावेत एवढंच हवं असेल तर बरा साउंडबारही चालेल, त्यात कमीपणा काही नाही, पण गाणं ऐकायला दोन वेगळे स्पीकर लांब-लांब ठेवलेले केव्हाही बरे.

स्पीकरमध्ये पैसा कुठे दिसतो? डब्याच्या बाजूला बोटाने टकटक करा. पातळ प्लास्टिकचा डबा ठणठण वाजतो, आतून आडवे टेकू दिलेला जाड एमडीएफचा 'ठप्' असा मेलेला आवाज देतो. डबा स्वतः वाजला की तो आवाज गाण्यात मिसळतो. आतला क्रॉसओव्हर, म्हणजे वूफरला काय आणि ट्विटरला काय जाईल ते ठरवणारं सर्किट, हलक्या स्पीकरमध्ये एका कपॅसिटरवर उरकलेलं असतं. हे सगळं सुधारायला पैसे लागतात आणि ते कानाला कळतात. पण एका टप्प्यानंतर तुम्ही पैसे देताय ते लाकडाच्या व्हिनिअरला, पियानोसारख्या पॉलिशला, बोटीने येणाऱ्या वजनाला आणि शोरूमच्या एसीला. त्यात वाईट काही नाही, घरात देखणी वस्तू कुणाला नको? फक्त तो खर्च आवाजाच्या खात्यात लिहू नका.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल नावाच्या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले, पुढे ते हरमन कंपनीत गेले (जेबीएलवाले ते), आणि तिथे शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर १९९४ साली एक मजेशीर प्रयोग केला. कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा न दाखवता ऐकवले. दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या स्पीकरला भरभरून मार्क, आणि छोट्या स्वस्त सबवूफर-सॅटेलाइट सेटला कमी. पडदा लावल्यावर तो फरक बराचसा विरघळला, छोटा सेट मोठ्यांच्या पंक्तीत येऊन बसला! रोज स्पीकरमध्येच वावरणारी माणसं होती ती, तर आपलं काय घेऊन बसलात.

हेडफोनची तर आणखी गंमत. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन मोजले आणि त्यांचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कुठला सूर किती उचलला जातो याचा आलेख, आणि विकायची किंमत यांची सांगड घालून बघितली. संबंध सापडला नाही. म्हणजे हलणाऱ्या वस्तूतसुद्धा किंमत ही खात्री नसते, तिथे पैसा लावायला वाव असतो एवढंच. कंपनीने तो इंजिनिअरवर लावला की जाहिरातीतल्या हिरोवर, ते मोजमापं बघूनच कळतं. टूल-ऑलिव्ह यांच्या कामातून निघालेला साधा निकष असा, समोरून आवाज सपाट, म्हणजे सगळे सूर सारखेच उचललेले, आणि बाजूनेही हळूहळू, गुळगुळीत उतरत जाणारा. तसे आलेख आता बऱ्याच स्पीकरचे नेटवर सापडतात, यूट्यूबवरच्या "एकदम मखमली, ओपन साउंड" असल्या वर्णनापेक्षा ते शोधा.

पायरी ४: अ‍ॅम्प आणि डॅक, इथे हात आखडा

डॅक म्हणजे मोबाईल-टीव्हीतले आकडे विजेच्या लहरींत बदलणारी चिप. सीडी १९८२ मध्ये आली तेव्हाच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ ठरलं, आणि त्यात २२ हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं बसतं. आपले कान तरुणपणी फार तर २० हजारांपर्यंत, चाळिशी-पन्नाशीनंतर बऱ्याच जणांचे १४-१५ हजारांच्याही खाली. मग २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची हाय-रेझ फाइल महागाच्या डॅकवर का वाजवायची? मेयर आणि मोरन या दोघांनी नेमकं हेच तपासलं, २००७ मध्ये छापून आलं. हाय-रेझचा आवाज थेट आणि तोच आवाज सीडीच्या दर्जाच्या गाळणीतून, ओळखा बरं कुठला कुठला. ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं २७६. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

अ‍ॅपलचा टिचभर हेडफोन डोंगल अमेरिकेत ९ डॉलरला मिळतो आणि मोजमापात तो इतका स्वच्छ आहे की त्याच्यावरचे पैसे तुम्ही बटणं, डिस्प्ले आणि अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याला देताय असं खुशाल समजा.

अ‍ॅम्पचंही तेच, फक्त एक अट, त्याला त्याच्या ताकदीबाहेर ताणायचं नाही. ताणला की आवाज फाटतो आणि ट्विटर जळायची भीती असते. ताकदीच्या आत दोन बरे अ‍ॅम्प एकाच पातळीला वाजवले तर ओळखणं जवळपास अशक्य. रिचर्ड क्लार्क नावाच्या अमेरिकन कार ऑडिओवाल्याने यावर १० हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं, कुणी नेलं नाही. हल्लीचे मुठीएवढे क्लास डी अ‍ॅम्प, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपवाले वगैरे, बघून हसू येतं पण काम चोख करतात.

मग अ‍ॅम्प घेताना बघायचं काय? टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी आहे का, म्हणजे एकाच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो (ज्येष्ठ मंडळी घरात असतील तर हे सगळ्यात महत्त्वाचं), सबवूफरची जागा आहे का, आणि बिघडला तर नाशिकमध्ये कोण बघणार. काही इंपोर्टेड डब्यांना मुंबई नाहीतर पुण्याला पाठवावं लागतं आणि मग तो महिना-दोन महिने तिकडेच. घ्यायच्या आधी सर्व्हिस सेंटरचा पत्ता विचारा, नुसतं "होऊन जाईल हो" असं उत्तर आलं तर समजून घ्या. ज्यांच्याकडे पावसाळ्यात लाईट सारखी जाते-येते त्यांनी बऱ्यापैकी स्पाइक गार्ड घ्यावा, त्यातला पैसा वाया जात नाही.

पायरी ५: वायर

थोडक्यात. इलेक्ट्रिकच्या दुकानात जा, २.५ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर मागा, घरात फिटिंगला वापरतात तीच. तिचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) मीटरला साधारण ०.००८ ओहम. स्पीकर पाच मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०८ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला ५ टक्के, म्हणजे ०.४ ओहमपर्यंत काही बिघडत नाही असा ढोबळ नियम आहे, आपण त्याच्या पाचव्या हिश्शावर आहोत. संपला विषय. हजारो रुपयांची "ऑक्सिजन फ्री, क्रायो ट्रीटेड" वायर यात काय सुधारणार ते विकणाऱ्यालाच विचारा. एचडीएमआय केबलमधून तर आकडेच जातात, ते एक तर पोचतात नाहीतर चित्र तुटतं, स्वस्त केबलमधून गाणं "पातळ" येत नाही.

जे खरोखर बिघडतं ते म्हणजे उलटसुलट जोडणी. एका स्पीकरला लाल-काळं बरोबर आणि दुसऱ्याला उलटं झालं की एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि गायक मधोमध उभा न राहता खोलीभर पसरतो. लोक महिनोन्महिने तसंच ऐकतात आणि स्पीकरला शिव्या घालतात. वायरीवर खूण नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, अ‍ॅम्पकडची दोन टोकं काढून क्षणभर सेलला टेकवा आणि जाळी काढून वूफरकडे बघा. कोन टचकन बाहेर आला तर सेलच्या उंच टोकाला टेकलेली तार ही लाल. आत गेला तर उलटी. हे अ‍ॅम्प आत नसलेल्या साध्या स्पीकरवरच करायचं, आणि वायर जास्त वेळ धरून ठेवायची नाही.

पायरी ६: दुकानात ऐकताना

एमजी रोडला नाहीतर कॉलेज रोडला जाल तेव्हा संध्याकाळी जाऊ नका, गर्दी, हॉर्न आणि शेजारच्या दुकानातलं रिमिक्स यात काही कळत नाही. सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या गाठा. मोबाईलमध्ये आपली पाठ असलेली चार-पाच गाणी डाउनलोड करून न्या: एक बाईचा आवाज, एक पुरुषाचा, एक नुसतं तबला-पेटीचं, एक भरपूर वाद्यांचं. दुकानदाराचा डेमो काच फुटण्याचा आणि हेलिकॉप्टरचा असतो. तुमच्या आयुष्यात हेलिकॉप्टर कितीदा जातं? त्यापेक्षा तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा कानात ओळखीचा असतो, तो खोटा असला की लगेच खटकतो. एखाद्या घरगुती बैठकीला नाहीतर भजनाला जाऊन माइकशिवायचा आवाज अधूनमधून ऐकत जा, कानाला तेवढं माप पुरतं.

दुकानातली मुख्य खोड आवाजाच्या पातळीची. माणसाच्या कानाला थोडा मोठा आवाज हा "जास्त चांगला" वाटतो, मोठा आहे असं न कळताही. म्हणून जो डबा खपवायचाय तो किंचित वर, बाकीचे किंचित खाली. कधी मुद्दाम, कधी आपोआप, कारण प्रत्येक स्पीकरची सेन्सिटिव्हिटी वेगळी. तेव्हा मोबाईलवर आवाज मोजायचं फुकटचं अ‍ॅप टाका, एकाच जागी धरा, आणि "दादा, दोन्ही सारखे करा" असं न लाजता सांगा. बेस बूस्ट, लाउडनेस, थ्रीडी सगळं बंद करायला लावा. मग हळू आवाजातही ऐका, कारण घरी रात्री तसंच ऐकणार आहात, आणि हळू आवाजात कानाला बेस कमीच ऐकू येतो (फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय), चांगला स्पीकर तिथेही शब्द गिळत नाही.

किंमत माहीत नसलेलं एक माणूस बरोबर न्या, शाळकरी मुलगी असली तर उत्तम, तिचे कानही चांगले असतात आणि भीडही नसते. आणि बायांनो, तुम्हालाही हे ऐकावं लागेल म्हणून सांगून ठेवते, मला एका दुकानात "ताई, साहेबांना घेऊन या, मग ऐकवतो" असं सांगण्यात आलं होतं. दुकान कुठलं ते जाऊ दे. सरळ पुढच्या दुकानात जायचं.

पायरी ७: घरी, न बघता

दोन डबे हातात असतील, जुना-नवा किंवा मित्राकडून आणलेला, तर एवढं कराच. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा, समोर पातळ सुती ओढणी नाहीतर मलमलचं धोतर टांगा (चादर नको, जाड असते, वरचे सूर अडकतात). एकच गाणं, अ‍ॅपने पातळी सारखी केलेली. अ‍ॅम्प किंवा डॅक तपासायचे असतील तर अ‍ॅपवर भागत नाही, मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज जुळवावं लागतं, एक-दोन टक्क्यांच्या आत, कारण तिथले फरक मुळातच बारीक. घरातलं दुसरं कुणीतरी नाणं उडवून ठरवेल कुठला लावायचा, ते कागदावर लिहील, तोंडावरून काही कळू देणार नाही. तुम्ही फक्त सांगायचं, हा की तो.

दहापैकी सहा-सात बरोबर आले तर आनंद मानू नका, ते अंदाजपंचेही येतात. आठ किंवा जास्त यायची शक्यता नुसत्या अंदाजाने साडेपाच टक्के. नऊ किंवा दहा आले तर ती शक्यता एका टक्क्याच्या आसपास, तेव्हा फरक खरा आहे असं धरा. आणि फरक आहे म्हणजे महागाचाच चांगला असं नाही हां, कुठला आवडला हे वेगळं लिहायचं, किंमत उघड करायच्या आधी.

दोन स्पीकरमधला फरक बहुतेकांना पहिल्याच फेरीत कळतो. दोन अ‍ॅम्पमधला शोधताना घरचे कंटाळून चहा टाकायला उठतात.

सेकंडहँडचं काय?

घ्या की. स्पीकर आणि अ‍ॅम्प मोबाईलसारखे दोन वर्षांत म्हातारे होत नाहीत. फक्त वूफरच्या कडेची फोमची रिंग बोटाने हळूच दाबून बघा, जुनी असेल तर ती बिस्किटासारखी तुटते. नवीन रिंग बसवता येते पण तो खर्च किमतीतून वजा करायला लावा. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, पण स्विच ऑन करताना स्पीकरमध्ये मोठ्ठा 'धप्प' आला किंवा सतत घूं वाजत राहिलं तर सोडून द्या. वाजवून न दाखवणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, "आत्ता वायर नाहीये" म्हणाला तरी.

नवीन आणल्यावर

दुकानदार सांगेल, आत्ता जरा बंद-बंद वाटेल, शंभर-दोनशे तास वाजवा, मग आवाज "खुलतो". खुलतो तो बराचसा आपला कान, त्याला सवय होते. वूफरची कड सुरुवातीला किंचित सैल होते हे खरं, पण तेवढ्याने न आवडलेला स्पीकर आवडता होत नाही. शंभर तास म्हणजे रोज दोन तास धरले तरी दीड महिन्याच्या वर जातो आणि परत द्यायची मुदत तोवर कधीच संपलेली असते. म्हणून बिल करायच्या आधीच विचारा किती दिवसांत परत घेणार, ते बिलावर लिहून घ्या, खोकं आणि थर्माकोल माळ्यावर ठेवा, फाडू नका. पहिल्याच रविवारी सोफा पुढे ओढून, पायरी सातची ओढणी टांगून बसा, आणि नाही पटला तर सोमवारी रिक्षात घालून परत.